ठेवलेली रेघ

पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी सुई काढलीच नाही. खुर्चीत ताठ बसवलं, खिडकीकडे तोंड करायला लावलं, मग भिंतीकडे. बोलतं केलं, हसवलं. शेवटी म्हणाल्या, "काकू, पुढच्या वेळी येताना तुमचे जुने फोटो आणा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, आणि एखादा लग्नाच्या वयातला."

सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या दवाखान्यातून खाली उतरले, रिक्षात बसले आणि मग ध्यानात आलं, की माझ्याकडे जुना फोटोच उरलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर लग्नाचा अल्बम फुगून दुप्पट झालेला. पानं एकमेकांना चिकटलेली. हलक्या हाताने सोडवायला गेलं की कागद राहायचा आणि त्यावरचा चेहरा सुटून यायचा. माझा, यांचा, आत्याबाईंचा, सगळ्यांचाच. तो अल्बम मी स्वतःच्या हातांनी गाळाबरोबर टाकला.

आता एकच जागा उरली होती. साताऱ्याचं घर, तिथला माळा, आणि माळ्यावरचे तात्यांचे डबे.

माझे वडील, तात्या, फोटोग्राफर. मोती चौकातून आत वळणाऱ्या एका बोळात त्यांचा स्टुडिओ होता, १९६३ पासून. उत्तरेच्या बाजूला छपरात काचा बसवलेल्या. "दक्षिणेचं ऊन माणसाला जुनं करतं, उत्तरेचा उजेड आहे तसं दाखवतो," असं ते म्हणत. मध्ये लाकडी स्टँडवरचा भात्याचा कॅमेरा, मागे रंगवलेला पडदा, त्यावर एक बाग आणि जिना. भिंतीला आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, खाली पावडरचा डबा. सगळी गिऱ्हाइकं तोच कंगवा वापरायची. तात्या कॅमेरा माणसापासून आठ-दहा फूट लांब ठेवत. आज माझी भाची हातभर अंतरावरून फोनमध्ये स्वतःचा फोटो काढते आणि म्हणते, "आत्या, माझं नाक किती मोठं आहे बघ." नाक मोठं नसतं. इतक्या जवळून काढलं की जे पुढे आहे ते फुगतं आणि कान मागे पळतात. हे तात्यांना ठाऊक होतं, कुठलाही फोटोग्राफर ते जाणतो. पण आज चेहऱ्याचा निवाडा त्या हातभर अंतरावरून होतो, आणि त्या निवाड्यावर भरवसा ठेवून मुली दवाखान्याची पायरी चढतात.

स्टुडिओचं खरं पीक म्हणजे लग्नसराईच्या आधीचे महिने. वाई, मेढा, कोरेगाव, रहिमतपूरकडून मुली एसटीने यायच्या, स्थळाला पाठवायचा फोटो काढायला. बरोबर आई किंवा थोरली वहिनी. मुलगी घामेजलेली, पदर नीट करत उभी. तात्या लगेच फोटो काढत नसत. आधी पाणी द्यायचे, गावची चौकशी करायचे, पाऊस किती झाला, ऊस लावलाय का. लहानपणी मला वाटायचं, हा गप्पांचा सोस आहे. फार वर्षांनी समजलं, ते तेवढ्या वेळात चेहरा बघत असत. डाव्या बाजूने हसते की उजव्या, बोलताना कुठली भुवई वर जाते, लाजली की ओठ कसे मिटते.

रात्री जेवणं झाली की ते टचिंगला बसत. हा शब्द आता गेला. तेव्हा गिऱ्हाईक पैसे देताना हमखास विचारायचं, "टचिंग धरून ना?" तिरक्या डेस्काच्या मधोमध दुधी काच, काचेखाली आरसा, आरशावर दिव्याचा उजेड. काचेवर हाफ प्लेटची निगेटिव्ह. तिच्यावर वार्निशसारखं एक औषध कापसाच्या बोळ्याने चोळायचं, म्हणजे पेन्सिल बसते. पेन्सिलीचं शिसं सँडपेपरवर घासून सुईइतकं टोकदार केलेलं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, केस पांढरे आणि दात काळे. सुरकुती म्हणजे सावली, म्हणून ती निगेटिव्हवर रिकामी, काचेसारखी स्वच्छ दिसते. त्या रिकाम्या फटीत तात्या शिशाचे बारीक बारीक टिंब भरत. फट भरली की कागदावर सावली उजळते आणि सुरकुती विरते.

मी शेजारी बसून बघत असे. एकदा विचारलं, "सगळीच का नाही भरत?" नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी रेघ ते कधीच पूर्ण भरत नसत. दोन-चार टिंब द्यायचे आणि सोडून द्यायचे. म्हणाले, "रेघ पुसायची नाही, नुसती थकवायची. पुसली की माणूस हसायचं विसरल्यागत दिसतं."

आणि देवीचे वण. ते सांगितल्याशिवाय त्या काळातले चेहरे कळायचे नाहीत. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, त्यामुळे आजच्या मुलींनी हे वण पाहिलेलेच नसतील. तेव्हा मात्र चाळिशीपुढच्या कितीतरी बायांच्या तोंडावर असायचे, आणि लग्नाच्या मुलींच्याही. माझ्या आईच्या दोन्ही गालांवर आहेत. मी लहान असताना झोपताना तिच्या गालावरच्या खड्ड्यांत बोट घालून मोजत असे, आणि चुकले की पुन्हा पहिल्यापासून. तर अशा मुलीचा फोटो आला की तिची आई हळूच तात्यांना म्हणायची, "तेवढं तोंडावरचं काढा, भाऊ." तात्या काढत, पण सगळं नाही. निम्मे वण थकवत, चार-सहा स्पष्ट ठेवत. एकदा एक बाई चिडली होती, पैसे देईना. तात्या शांतपणे म्हणाले, "मावशी, पोरगी फोटोत नांदायची नाही. बघायला येतील तेव्हा दारात हीच उभी राहणार. फोटो आणि पोरगी दोन निघाल्या तर मान कुणाची खाली जाईल?" बाईने पैसे दिले.

तर त्या माळ्यावर मी चढले. आई खाली जिन्याला धरून उभी. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. "कशाला हवाय गं एवढा जुना फोटो?" मी खोटं बोलले, पासपोर्टचं काहीतरी सांगितलं. तिसऱ्या डब्यात बटर पेपरच्या पाकिटात मी सापडले. पाकिटावर तात्यांच्या अक्षरात माझं नाव आणि १९८८. तोवर रंगीत फोटो सगळीकडे आले होते, माझ्या लग्नाचे सगळे फोटो रंगीतच निघाले. पण हळदीच्या आदल्या दिवशी तात्यांनी मला त्या जुन्या कॅमेऱ्यासमोर बसवून एक हाफ प्लेट काढली होती. मी ती विसरूनही गेले होते.

निगेटिव्ह खिडकीशी धरली. केस पांढरे, टिकली पांढरी, चेहरा काळा. उजेडात तिरकी केली, तेव्हा गालावर काहीतरी चमकलं. शिसं. माझ्या डोळ्यांखाली तात्यांनी दिलेले टिंब छत्तीस वर्षांनी अजून तिथेच होते. बावीस वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर भरण्यासारखं काय असणार? आता जाणार म्हणून रडून रडून डोळे सुजले होते, त्याखालच्या सावल्या त्यांनी भरल्या होत्या. दुसरं काही नाही.

पोवई नाक्यावरच्या एका दुकानात ती स्कॅन करायला दिली. तिथला मुलगा मन लावून काम करणारा, वयाने लहानच. त्याने पहिल्यांदाच निगेटिव्ह हातात घेतली होती. स्क्रीनवर चेहरा सुलटा झाला आणि त्याच क्षणी गुळगुळीतही झाला. प्रोग्रॅम ते आपोआप करतो म्हणे. हनुवटीची खळी गेली, ओठाशेजारचा तीळ गेला, तात्यांचे टिंबही गेले. मी म्हटलं, "बाळा, हे काही करू नकोस, आहे तसंच दे." त्याला ते बंद कसं करायचं हे शोधायला दहा मिनिटं लागली. तात्यांना एका चेहऱ्याला दीड-दोन तास लागत, आणि त्यातला बराचसा वेळ काय ठेवायचं हे ठरवण्यात जाई. इथे एका क्षणात सगळं पुसलं गेलं, आणि ठेवायचं की नाही हा प्रश्न मधे आलाच नाही. स्मरणरंजनात जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणण्याचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. पण एवढं मात्र मी मनापासून मानते, की ते दीड-दोन तास आपण गमावले.

आता मी डॉक्टरबाईंकडे गेले कशाला, तेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी थायरॉइड वाढलं आणि पाच महिन्यांत माझं १४ किलो वजन उतरलं. औषधाने आजार आटोक्यात आला, वजनही आलं, पण ते पोटावर आलं. गालफडं बसली ती बसलीच. दोन दाढाही काढाव्या लागल्या. त्यानंतर ओळखीचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न, "बरं नाही का?" भाजी मंडईत, बँकेत, गणपती मंदिराच्या पायरीवर. मी बरी होते, पण आरशातली बाई आजारीच होती, आणि रोज दहा जणांनी विचारल्यावर मलाही आजारी वाटायला लागलं. घरचे उपाय केले. हळदीचं गाव आमचं. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आत्याबाईंना त्याआधीपासूनच हळदीवाचून औषध ठाऊक नव्हतं. साय, डाळीचं पीठ, आंबेहळद, मसुराची भरड. कातडी उजळली, तुकतुकीत झाली. पण हळद खड्डा भरत नाही.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरबाईंनी फोटो बराच वेळ बघितला. मग मला आरसा दिला आणि समजावून सांगितलं. आपण म्हणतो चेहरा ओघळला. खरं तर आधी आतला टेकू जातो. गालातली चरबी एकसंध लादी नसते, ती लहान लहान कप्प्यांत असते. अमेरिकेतल्या रोरिक आणि पेसा या दोघांनी २००७ मध्ये ते नीट दाखवून दिलं. वयाने किंवा आजाराने त्यातले काही कप्पे रिते होतात, काही तसेच राहतात, म्हणून कुठे खड्डा तर कुठे उंचवटा. हाडही झिजतं. डोळ्यांच्या खोबणी मोठ्या होतात, दात गेले की जबडा आखडतो. वाड्याचा वासा खचला की भिंतीला भेग पडते, आणि नुसता गिलावा करून भागत नाही. हे माझं म्हणणं. त्या आपल्या त्यांच्या भाषेत सांगत होत्या.

आत भरायचं ते औषध म्हणजे हायलुरॉनिक अॅसिडची जेली. मूळचा हा पदार्थ आपल्याच कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत असतो. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो गाईच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळा केला. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून कातडी भरलेली राहते. आता तो जिवाणूंकरवी आंबवून बनवतात आणि लवकर विरघळू नये म्हणून त्याचे धागे एकमेकांत गुंतवतात. तरीही काही महिन्यांनी, फार तर दीड-दोन वर्षांनी तो विरतो. विरतो हेच मला आवडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात चेहऱ्यात पॅराफिनचं मेण भरायला सुरुवात झाली होती. ते विरलं नाही, गाठी झाल्या, आणि लोक आयुष्यभर ते तोंड घेऊन फिरले. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कातडीतल्या कोलॅजेनला मान्यता मिळाली, त्याची आधी हातावर चाचणी घ्यावी लागे. ही जेली त्यानंतरची. आणि ती नको झाली किंवा चुकली, तर ती विरघळवणारं औषध आहे, हायलुरोनिडेज. "ते तुमच्याकडे आहे का, हे कुणालाही आधी विचारायचं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फ्रीज उघडून दाखवलं. कारण जेली चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते, आणि नाकाच्या नि भुवयांमधल्या भागात तर नजरही जाऊ शकते. हे त्यांनी मला सहीच्या कागदावर दाखवलं, तोंडानेही सांगितलं, दोनदा.

एका सिरिंजमध्ये एक मिली असते. चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. चेहऱ्याला चेहरा परत करायला एवढंसं पुरतं हे मला खरं वाटेना. त्यांनी मला आडवं केलं नाही. आडवं झालं की चेहरा मागे सरकतो आणि खड्डे खोटे दिसतात. बसवूनच पेन्सिलीने खुणा केल्या. पेन्सिल बघून मला भरून आलं, पण मी काही बोलले नाही. मी नाकाशेजारच्या रेघेकडे बोट दाखवलं. "ही भरा ना." त्या म्हणाल्या, "ही नाही, काकू. वर गालाला टेकू दिला की ही आपोआप हलकी होईल. हिच्यातच भरलं तर हसताना ओठ अडकेल. आणि ही तुमच्या फोटोतही आहे बघा, बावीस वर्षांच्या तोंडावर." मी बघितलं. होती. तात्यांनी तिला हात लावला नव्हता.

तीन आठवड्यांच्या अंतराने दोन बैठका झाल्या, मिळून दोन सिरिंज. डाव्या गालात उजव्यापेक्षा थोडं जास्त, कारण दाढा त्या बाजूच्या गेल्या होत्या. सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी वापरली. दुखलं त्याहून जास्त दडपण होतं. दोन दिवस सूज, एक हिरवट डाग. पंधरा दिवसांनी यांनी चहा पिताना विचारलं, "झोप चांगली लागते वाटतं आता?"

सगळ्यांचं असं होत नाही. माझ्या भाचीचं झालं नाही. लग्न ठरलं होतं, आणि एका मोठ्या शहरातल्या कुठल्याशा पार्लरमध्ये तिने ओठ आणि गाल भरून घेतले. सवलत होती म्हणे, तीन सिरिंज एका दिवसात. साखरपुड्याला ती साताऱ्याला आली तेव्हा घर क्षणभर गप्प झालं. ओठ पुढे आलेले, गाल डोळ्यांखालपर्यंत चढलेले, डोळ्यांखाली निळसर झाक. हसली तर डोळे बारीक झाले आणि गाल हललेच नाहीत. आईने तिला जवळ बोलावलं, काळजीने तोंडावर हात फिरवला आणि विचारलं, "काही चावलं का गं पोरी?" पोर खोलीत जाऊन रडली. मी तिच्याजवळ बसले. तिने फोनमध्ये बारा-पंधरा फोटो दाखवले, कुठल्या कुठल्या नट्यांचे, एकीचे ओठ, दुसरीचे गाल, तिसरीची हनुवटी. मी विचारलं, "आणि तुझा जुना फोटो? तो मागितला का कुणी?" नाही म्हणाली.

आमच्या आज्जीची एक म्हण होती, सूज म्हणजे बाळसं नव्हे. बाळंतिणीच्या खोलीत ही म्हण ती फार वापरायची. तान्हं मूल गुबगुबीत दिसलं की ती बोटाने दाबून बघायची. बोट उठलं की खड्डा भरून येतो की नाही, पोर दूध ओढते की नाही. बाळसं आतून धरतं, हळूहळू धरतं, आणि त्या त्या मुलाच्या अंगलोटाला शोभेल तेवढंच धरतं. सूज एका रात्रीत येते आणि सगळ्यांना सारखीच दिसते. डॉक्टरबाईंनी मला जे केलं त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. त्यांनी मला बाळसं दिलं.

भाचीला मी त्यांच्याकडेच नेलं. पार्लरमधल्या खोक्याचा फोटो तिच्या फोनमध्ये होता म्हणून आत काय गेलंय ते कळलं, नाहीतर अवघड होतं. विरघळवायला दोन वेळा यावं लागलं. निळी झाक जेली फार वरच्या थरात दिल्याने आली होती. बाई तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे त्वचारोगतज्ज्ञाचं किंवा प्लास्टिक सर्जनचं काम आहे, तेही ज्याने हे शिकून घेतलंय त्याचं. केस कापायच्या खुर्चीवर करायचं काम नाही. मग त्यांनी तिला एक हकिकत सांगितली, ती मला इतकी आवडली की इथे लिहायलाच हवी.

कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या माणसांनी पकडून त्याचं नाक कापलं. वर्षभराने पुण्याकडच्या एका कारागिराने, जो कुंभार किंवा विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता असं लिहून ठेवलंय, त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. दोन इंग्रज वैद्यांनी ते पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिकत आली, सोबत चित्र. मूळ चित्र पेशव्यांच्या दरबारात चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सचं. ते वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तसं पहिलं नाक केलं. यात मला खिळवून ठेवलं ते असं: त्या कारागिराने शस्त्र हातात घ्यायच्या आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन माणसाच्या तोंडावर नाक घडवलं. मग तो पत्रा उलगडून कपाळावर पसरला आणि त्याच्याभोवती रेघ ओढली. काय गेलंय याचं माप आधी, कापणं नंतर.

सासरकडची एक गोष्टही इथे आठवते. सांगली ही नाटकवाल्यांची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासूनचा हा नाद. यांचे एक चुलत आजोबा हौशी नाटकांत रंगपटाचं काम करायचे. सफेता, पिवडी, हिंगूळ, मुर्दाडशिंग, काजळ. ते सांगत की पहिल्या रांगेला भडक दिसलं तरी चालेल, शेवटच्या रांगेला भुवई दिसली पाहिजे. त्या तोंडाला दिव्याचा उजेड आणि पन्नास हातांचं अंतर हवं असायचं. नाटक संपलं की खोबरेल तेल लावून तो चेहरा उतरवायचा आणि मगच घरी जेवायला बसायचं. भाचीचा तो भरलेला चेहरा फोनच्या रांगेसाठी होता. तिथे तो खपलाही असता. पण तो तसा तेलाने उतरवता येत नव्हता आणि तो घेऊन तिला आज्जीजवळ बसायचं होतं.

लग्न वैशाखात झालं. भाचीचा चेहरा तोवर तिचा तिला परत मिळाला होता. लग्नाच्या आदल्या रात्री मी आईच्या खाटेवर बसले होते. खोटं बोलल्याचं मनात होतंच, ते सांगून टाकलं. फोटो कशाला नेला, गालात काय घातलं, किती पैसे दिले. पैशांचा आकडा ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझी पेटी काढ."

खाटेखालची पत्र्याची पेटी. वर नऊवारी, खाली फणेरपेटी, तिच्या आरशामागच्या फटीत एक फोटो. आई, विशीतली, डोक्यावर पदर. चेहरा नितळ, गाल लोण्यासारखे. एकही वण नाही. मी ती अशी कधी पाहिलीच नव्हती. क्षणभर मला ती तिची धाकटी बहीण वाटली.

"लग्नानंतर तुझ्या तात्यांनी काढला," ती म्हणाली. "दोन रात्री जागून सगळे वण भरले. मला दाखवायला आणला तर काय हौस तोंडावर! मी बघितला आणि म्हटलं, ही बाई कोण आणलीत घरात?"

"मग?"

"मग आठ दिवस बोलले नाहीत. नंतर दुसरा काढला. तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय."

बघितला होता. स्टुडिओच्या काउंटरमागे तीसेक वर्षं तो फ्रेममध्ये होता, सगळ्या वणांसकट. गिऱ्हाइकं त्याच्याखाली उभी राहून टचिंगचे पैसे द्यायची. मला वाटायचं, रेघ थकवायची नि पुसायची नाही हे तात्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं असेल.

"मग हा का ठेवलास?"

"दोन रात्री जागले होते ना," आई म्हणाली.

तिने फोटो माझ्याकडून घेतला आणि माझा चेहरा दिव्याकडे वळवला. मोतीबिंदू असलेला डोळा मिटला, दुसऱ्याने बघू लागली. "हस बघू," म्हणाली. मला हसू आवरेना, सोबत डोळेही भरून आले. तिने नाकाशेजारून ओठाकडे बोट नेलं, हळूच, आणि मधे एका जागी थांबवलं.

"आहे," ती म्हणाली. "ठेवलीय बाईंनी."